घेणाऱ्याची सही

शिरूर, ६ जानेवारी २०२५

दादा, जय भीम.

तू मला ब्लॉक केलंयस, म्हणून हा कागद. खुटबावला पोस्टानं पाठवतेय आणि आईला सांगून ठेवलंय की तुझ्या डब्यात, भाकरीच्या फडक्याखाली ठेव. कुरकुंभला तुमच्या केमिकल कंपनीच्या गेटवर मोबाईल जमा करून घेतात पण कागदाला कुणी अडवत नाही, हे मला तूच सांगितलं होतंस. म्हणजे आयडिया तुझीच आहे.

भांडायला लिहीत नाहीये. त्या फॉर्मबद्दल पण काही लिहिणार नाहीये. तुझा इंटरव्ह्यू बारा फेब्रुवारीला आहे आणि तो इंग्लिशमध्ये आहे, एवढंच मला माहितीय. तू जाणार की नाही, तेही विचारत नाही. मी फक्त शब्द पाठवणार. जेवताना वाच, नाही तर लोणचं ठेवायला घे.

सुरुवात फ्रेजल व्हर्बपासून करू. नावाला घाबरू नकोस. साधं क्रियापद असतं, गेट, पुट, लुक. त्याच्या मागं अप, डाऊन, ऑफ असलं काहीतरी लागलं की अर्थ पालटतो. आपल्याकडं नाही का, 'केलं' वेगळं, 'करून टाकलं' वेगळं आणि 'करून बसले' तर एकदमच वेगळं. काम तेच असतं पण शेवटच्या शब्दावरून कळतं की माणसाला आता काय वाटतंय. याचं उदाहरण आत्ता नको.

आजचे पाच.

गेट अप, उठणं. हे तुला येतं, तू फक्त करत नाहीस.
पुट ऑफ, पुढं ढकलणं. पप्पा दात दाखवायचं पुट ऑफ करतात.
गिव्ह अप, नाद सोडणं. तुझ्या शिफ्टच्या विनोदकाकांनी तंबाखू गिव्ह अप केली, असं ते दर सोमवारी सांगतात.
लुक आफ्टर, सांभाळणं. दादा लुक्स आफ्टर द पंप.
टर्न ऑफ, बंद करणं. आय टर्न्ड ऑफ द कूलिंग वॉटर अँड वेंट होम. मी कूलिंग वॉटर बंद केलं आणि घरी गेलो. बघ, तुझ्या कंपनीतलं वाक्य मुद्दाम तयार केलंय.

माझ्या मराठीतल्या वेलांट्या चुकल्या असतील. हसलास तरी चालेल.

गौतमी


शिरूर, १५ जानेवारी

दादा,

आईनं तुझ्या कागदाचा फोटो पाठवला. त्यात अर्धा तिचा अंगठाच आहे, पण उरलेल्या अर्ध्यात तुझं अक्षर आहे. मी माया आत्याला ओरडून बोलावलं, तर ती पीठ मळता मळता तशीच बाहेर आली. म्हणाली, "काय झालं, लॉटरी लागली का?" मी म्हणाले, दादा बोलला. ती म्हणाली, "काय बोलला?" मी वाचून दाखवलं.

"कूलिंग वॉटर बंद करून घरी गेलो तर मागं रिअ‍ॅक्टर तापत जाईल आन् सकाळी कंपनी जागेवर दिसणार न्हाई. आसलं वाक्य दुसऱ्या कुणाला शिकवू नगं."

आणि लुक आफ्टरच्या शेजारी, "पंप काय आजारी म्हातारा हाय का."

आत्या म्हणाली, "ह्याला बोलला म्हंत्यात व्हय? शिव्या घातल्या की त्यानं." पण हसत होती. सत्तावीस दिवसांत तुझा पहिला शब्द आहे दादा, मला शिव्या पण चालतात. लाल पेनानं दोनदा गोल केलायस. पेन विनोदकाकांचा ना? तू लाल पेन ठेवत नाहीस.

चूक मान्य. मला वाटलं, घरी जाताना आपण पंखा बंद करतो, लाईट बंद करतो, तसंच तिथं असेल. मग तुम्ही घरी जाताना करता तरी काय? मला खरंच माहिती नाही. चार वर्षं तू चौफुल्यावरून कंपनीच्या बसनं जातोस-येतोस, पण आत गेल्यावर काय करतोस हे मी एकदाही विचारलं नाही. मला एवढंच माहिती होतं की घरी आलास की तुझ्या शर्टाला एक वास येतो आणि आई तुझे कपडे वेगळे भिजवते.

आजचे शब्द मागं लिहिलेत.

गौतमी


शिरूर, २३ जानेवारी

दादा,

ठीक आहे. "मुद्दाम चुकू नगं, कळतंय," असं लिहिलंयस. मला वाटलं होतं, गेल्या वेळचं बॉयलर 'टर्न ऑन' करून चहा ठेवल्याचं वाक्य मुद्दाम चुकवलंय हे तुला ओळखू येणार नाही. दुसऱ्या चुकीवर पण तू बोलशील म्हणून केली होती. आता नाही करणार.

पण त्याच्या जोडीला तू पानभर लिहिलंस. ते पान मी आत्तापर्यंत सहा वेळा वाचलंय. शिफ्ट सुटताना तू बसकडं पळत नाहीस. आधी पुढच्या शिफ्टचा माणूस येतो. मग तू त्याला घेऊन पूर्ण लाईननं चालतोस, प्रत्येक व्हॉल्व्हवर हात ठेवतोस आणि मोठ्यानं सांगतोस. हा उघडा, हा बंद, ह्याची सील ठिबकतीय, ह्याच्यावर लक्ष ठेव. तो प्रत्येकावर स्वतःचा हात ठेवतो. मग दोघं टेबलाशी येता. कागदावर काय चालू, काय बंद, कशावर लक्ष ठेवायचं हे भरलेलं असतं. खाली तू सही करतोस. शेजारी घेणाऱ्याची सही. ती झाल्याशिवाय तू जागा सोडायची नाही, बस गेली तरी.

आणि मी दहावीत होते तेव्हा गॅदरिंगला तू पोचलाच नाहीस, मी आठ दिवस तोंड फुगवलं होतं. तू म्हणालास, "रिलिव्हर आला न्हाई." मला वाटलं हे काहीतरी कारण आहे. रिलिव्हर म्हणजे हा पुढच्या शिफ्टचा माणूस, हे मला परवा कळलं.

आता खरी गंमत ऐक. तुझ्या पानावरचे शब्द मी वेगळे काढले. शट डाऊन. स्टार्ट अप. टॉप अप. ड्रेन आऊट. ब्लो डाऊन. कट ऑफ. लाईन अप. चेंज ओव्हर. हँड ओव्हर. टेक ओव्हर. एकूण तेवीस निघाले. दादा, हे सगळे फ्रेजल व्हर्ब आहेत. तू रोज वापरतोस. ब्लो डाऊन माझ्या पुस्तकात नाहीये, मला शोधावा लागला, आणि शोधून पण नीट कळला नाही. लाईन अप मला फक्त रांगेत उभं राहणं एवढाच माहिती होता. तू लिहिलंस, "टाकीपासून रिअ‍ॅक्टरपर्यंत माल ज्या वाटेनं जाणार ती वाट उघडून तपासायची, त्याला लाईन अप म्हंत्यात." कॉलेजमध्ये माझ्या मागच्या वर्गातल्या पोरींचा अभ्यास घेताना मी तुझंच वाक्य सांगितलं. म्हणाले, माझा भाऊ सांगतो.

तुला पुट ऑफ आणि गिव्ह अप शिकवत बसले मी. तू काही म्हणाला नाहीस पण मनात म्हणाला असशील.

गौतमी

ता. क. ब्लो डाऊन म्हणजे नक्की काय? खरंच विचारतेय.


शिरूर, ३० जानेवारी

दादा,

काल आईचा फोन होता. म्हणाली, "त्यो फारम मागं घ्यायचा म्हंतोय. म्या काय बोलू? तूच घोळ घातलास, तूच निस्तर."

म्हणून आज फॉर्मबद्दल लिहिते. मी टाळत होते.

डिसेंबरमध्ये मी सुट्टीला घरी आले होते. तू ड्युटी करून आलेला, झोपलेला. तुझ्या मोबाईलवर कंपनीचा मेसेज आला, शिफ्ट इनचार्जसाठी आतल्या माणसांनी फॉर्म भरा. शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी. मी तुला उठवू शकले असते. तू माझ्यापासून चार हातांवर होतास. मी नाही उठवलं, कारण तू नको म्हणाला असतास. मी भरून टाकला. इंग्लिश वाचणं, लिहिणं, बोलणं, तीन रकाने होते, तिन्हीत 'उत्तम' टाकलं. खाली स्वतःबद्दल एक परिच्छेद लिहायचा होता, तो पण तुझ्या नावानं मीच लिहिला. चांगला झाला होता. मला तेव्हा फार अभिमान वाटला होता, तुझा नाही, माझ्या परिच्छेदाचा.

तुला सांगणार होते. सकाळी सांगू, संध्याकाळी सांगू म्हणत शिरूरला निघून आले.

पुढचं मला तू सांगितलं नाहीस, आईकडून कळलं. बोर्डवर यादी लागली. नवीन साहेब राउंडला आले, सगळ्यांसमोर तुझ्याशी इंग्लिशमध्ये बोलले, तुझ्या परिच्छेदाचं कौतुक करत होते. तू नुसती मान हलवत राहिलास. त्यांनी प्रश्न विचारला होता, तरी तू मानच हलवलीस. त्या दिवसापासून तुला 'लंडन' म्हणतात.

मग तू मला फोन केलास. एकच वाक्य बोललास आणि ठेवलास. "गौते, तू मला इचारत न्हाईस, माझ्या जागी बोलतीस." मी तेव्हा म्हणाले की तुझ्या भल्यासाठीच केलं. ब्लॉक त्यानंतर झालं.

एक जानेवारीला आपण दरवर्षी भीमा कोरेगावला शेजारी बसून जातो. यंदा तू मागच्या गाडीत बसलास. तिथं गर्दीत तू मला दिसलास, पाण्याची बाटली दिलीस आणि बघितलं पण नाहीस. बाटली दिलीस मात्र.

तुझं वाक्य मी महिनाभर घोळवतेय. बँकेत तुझं काम असलं तरी साहेबाशी मी बोलायचे. पप्पांना दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरनं तुला विचारलं, उत्तर मी दिलं. तू जिल्हा परिषदेच्या शाळेत होतास, मला दौंडला इंग्लिश मीडियमला घातलं, स्कूलबस फाट्यावर यायची आणि माझं दप्तर फाट्यापर्यंत तू आणायचास. मला वाटायचं मी ते फेडतेय. तू काय म्हणतोयस ते ऐकायला मी थांबलेच नाही.

या पाकिटात दोन कागद आहेत. दुसरा साहेबांना आहे. इंग्लिशमध्ये आहे, मी लिहिलंय की फॉर्म बहिणीनं भरला, भावाला न विचारता भरला, त्याची काही चूक नाही. पत्ता लिहिलेला नाही. आधीची मी असते तर टाकून मोकळी झाले असते. या वेळी विचारते. पाठवायचा, का फाडायचा? तू म्हणशील तसं.

आज शब्द नाहीत.

गौतमी


शिरूर, ६ फेब्रुवारी

दादा,

फाडलास. बरं केलंस. "माझं मी सांगीन," एवढंच लिहिलंयस आणि खाली विचारलंयस की चूक स्वतःहून सांगायला इंग्लिशमध्ये काय म्हणतात.

ओन अप. पण ते मला लागू होतं, तुला नाही. तुझी चूक नाहीये. तुला एवढंच म्हणायचंय, माय सिस्टर फिल्ड इन द फॉर्म. फॉर्म माझ्या बहिणीनं भरला. मग जे खरं आहे ते. मी मुद्दाम वाक्य करून देत नाहीये, तुझं तू कर. अडलं तर विचार. हे लिहिताना माझा हात किती शिवशिवतोय तुला कल्पना नाही. आत्यानं पेन काढून घेते म्हणून धमकी दिलीय.

म्हणजे तू जाणार आहेस असं मी धरते. नाही, धरत नाही. तू कळव.

आईनं सांगितलं की माझे कागद आता एकटा तू वाचत नाहीस. कँटीनमध्ये अख्खं टेबल वाचतं. विनोदकाका विचारतात, "लंडन, आज काय आलंय डब्यात?" आणि त्यांचा अर्थ भाजी नसतो. परवा भाजीत मीठ कमी होतं तर ते तुला म्हणाले, "रोहन, मीठ टॉप अप कर." आईला हे कोण सांगतं? तूच सांगत असणार. म्हणजे तू घरी जाऊन बोलतोस.

विनोदकाकांनी तंबाखूचं वाक्य वाचलं का? वाचलं असेल तर सॉरी सांग. म्हणावं, उदाहरण म्हणून लिहिलं होतं.

ब्लो डाऊन कळला. "कूलिंग टॉवरचं पाणी फिरून फिरून खारट व्हतं, थोडं सोडून द्यायचं आन् ताजं घ्यायचं, न्हाईतर पाईपात खडे धरत्यात." इतकं सोपं कुणीच लिहिलं नव्हतं. मी वहीत तुझ्या नावानं उतरवलंय.

गौतमी


शिरूर, ११ फेब्रुवारी

दादा,

हे तुला उद्याच्या आत मिळणार नाही. माहितीय. तरी लिहितेय, कारण बसवत नाहीये.

सकाळी मी बॅग भरली होती. शिरूर-दौंड गाडीनं चौफुल्याला उतरायचं, तिथून पाटसवरून कुरकुंभ. गेटच्या बाहेर उभी राहणार होते. आत्यानं विचारलं, "तितं जाऊन काय करनार? आत शिरून उत्तरं देनार व्हय?"

मी म्हणाले, नुसती उभी राहीन.

ती म्हणाली, "तुला नुसतं उभं राह्याला येतं का कवा?"

बॅग परत कपाटात ठेवली. आत्यासोबत मटकी निवडतेय. तीन वेळा निवडून झालीय.

गौतमी


कुरकुंभ, १३ फेब्रुवारी

गौते,

जय भीम. मला लांब लिहाया येत न्हाई. विनोदकाका शेजारी बसल्यात, मधी मधी सांगत्यात, त्यांचं मी घेत न्हाई. तंबाखूचं वाक्य त्यांनी वाचलंय. म्हंत्यात, "तिला सांग, ह्या सोमवारपासनं खरंच."

काल गेलो. आत तिघं होते. नवे साहेब मधी. बसलो आन् त्यांनी काय इचारायच्या आधीच म्या बोललो. माय सिस्टर फिल्ड इन द फॉर्म. नॉट मी. माय इंग्लिश इज नॉट उत्तम. उत्तमला काय म्हंत्यात ते ऐन टायमाला आठवंना, मग उत्तमच म्हनलं. शेजारचे साहेब हसले. मधले न्हाई हसले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग फॉर्मकडं. म्हनले, देन व्हाय डिड यू कम? मग आलास कशाला?

इथं मी अडकलो. तुझा कागद खिशात व्हता पर काढला न्हाई. म्हनलं, मला काम येतं. आय नो द प्लांट.

साहेब म्हनले, ठीक हाय, समज मी तुझा रिलिव्हर. शिफ्ट सुटली. मला हँड ओव्हर दे.

मग मी उठलो. बसून हँड ओव्हर देता येत न्हाई. टेबलावर चहाचे कप व्हते, तीन. म्हनलं, सर, दिस इज रिअ‍ॅक्टर टू. कपावर हात ठेवला. रनिंग. जॅकेट कूलिंग वॉटर ऑन, डू नॉट टर्न ऑफ. हे म्हनताना तू आठवलीस. दुसरा कप पंप, सील ठिबकतीय, दुरुस्तीचं परमिट काढलंय. तिसरा कप जादाचा स्टँडबाय पंप, चेंज ओव्हर करून तो चालू केलाय. बशीला टाकी केलं. लाईन अप कुठून कुठं ते बोटानं दाखवलं. एक ठिकाणी शब्द सापडंना, ते मराठीत सांगितलं आन् पुढं गेलो. मग थांबलो. साहेब म्हनले, फिनिश? म्हनलं, नो सर. यू हॅव नॉट टच्ड. तुमी हात न्हाई ठेवला.

साहेब उठले गं. तिन्ही कपांवर हात ठेवला, एक एक करून.

इनचार्ज केलं न्हाई, आत्ताच सांगतो, न्हाईतर तू पेढं वाटशील. तीन महिनं विनोदकाकांच्या हाताखाली इनचार्जचं काम करायचं. मे महिन्यात परत बोलावनार, तवा रिपोर्ट इंग्रजीत लिहून दाखवायचा. फॉर्मवर साहेबांनी माझ्यासमोर तीन रकान्यातलं 'उत्तम' खोडलं. काय लिहू, मला इचारलं. म्हनलं, लर्निंग लिहा. त्यांनी लिहिलं, मी सही केली. आता ते खरं हाय.

बाहेर आलो तर कँटीनच्या टेबलावरची सगळी उभी व्हती. आता लंडन म्हंत्यात ते वेगळं वाटतं.

तू गेटवर येनार व्हतीस आन् मग मटकी निवडत बसलीस, हे आत्यानं आईला सांगितलं. आली न्हाईस, बरं झालं. आली असतीस तरी रागावलो नसतो.

ब्लॉक काढलाय. पर शब्द मोबाईलवर पाठवू नगंस, आत नेता येत न्हाई. कागदच पाठव. मे महिन्यापर्यंत रिपोर्ट कसा लिहायचा ते शिकव. मी इचारीन तेवढंच.

पाठीमागं कंपनीचा कोरा फॉर्म हाय, आमचा रोजचा. भरून पाठवतोय.

काय चालू: आई (डावा गुडघा सोडून). पप्पांची साखर कारखान्यातली ड्युटी, सीझन संपेपर्यंत. माझा राग थोडा, स्लो स्पीडवर, व्हईल बंद.
काय बंद: माझ्या जागी बोलनं.
कशावर लक्ष ठेवायचं: तुझी परीक्षा जवळ आली, माझे शब्द काढत बसू नगं. आत्याला मटकी कमी निवडायला लाव.
देणाऱ्याची सही: रोहन

घेणाऱ्याची सही:

हे तेवढं करून पाठव. नियम तुला म्हाईत हाय. सही येत न्हाई तवर मी जागा सोडत न्हाई.